चोपन्न अर्धी वाक्यं

माझ्या वर्गाचा आवाज शाळेच्या गेटापर्यंत जायचा. हे मी सांगत नाही, गेटावरचे शिपाई मारुतराव सांगायचे. आमची शाळा चाकण-तळेगाव रस्त्याला लागून आहे. दिवसभर कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या. त्या गोंगाटात बाकीच्या वर्गांत कोणी शिकवतंय की झोपलंय, बाहेर पत्ता लागत नाही. पण आठवी ‘ब’ला गणिताचा तास सुरू झाला की मारुतराव दाखला न्यायला आलेल्या पालकाला सुद्धा थांबवायचे आणि म्हणायचे, “ऐका, येळवंडेबाई शिकवत्यात.”

आणि मग खरंच ऐकू यायचं.

“त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे...” ही मी.

“ऐंऽऽशी!” हा माझा वर्ग.

ही माझी पद्धत. वाक्य मी अर्धं सोडायचं, उरलेलं वर्गाने उचलायचं. सत्तावीस वर्षं मी अशीच शिकवत आले. विस्तार अधिकारी तपासणीला आले की त्यांना पहिल्यांदा माझ्याच वर्गात आणलं जायचं. संस्थेचे अध्यक्ष हिंदुराव अण्णा, ज्यांच्या वडिलांनी शाळेला ही जागा दिली, ते रस्त्याने जाताना गाडीची काच खाली करायला लावायचे. “बाई, तुमच्या वर्गाचा आवाज ऐकला की दिवस चांगला जातोय बगा,” असं त्यांनी चारचौघांत कितीदा तरी म्हटलेलं आहे. मी वरवर “काहीतरीच काय, अण्णा” म्हणायचे. मनातून पुरणपोळी खाल्ल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी निरंजन सर मुख्याध्यापक म्हणून आले आणि त्यांनी एक नवीन टूम काढली. प्रत्येक शिक्षकाने महिन्यातून एकदा दुसऱ्या शिक्षकाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचं आणि एक कागद लिहायचा. “चांगलं, वाईट, उत्तम, असलं काही लिहायचं नाही,” सर म्हणाले. “जे दिसलं, जे ऐकू आलं, तेवढंच लिहा. वेळ टाका, आकडे टाका. कागद आधी त्या शिक्षकाच्या हातात द्या.”

आम्ही मुरलेली माणसं. पहिल्या दोन महिन्यांत कोणीच कोणाच्या तासाला गेलं नाही. मधल्या सुट्टीत चहाबरोबर कागद भरले जायचे. तू माझा लिही, मी तुझा लिहिते. “पाठ उत्तम झाला. फळ्याचा वापर योग्य. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला.” चित्रकलेच्या सरांनी पीटीच्या सरांचा कागद लिहिताना फळ्याचा वापर योग्य असं लिहिलं, ते मात्र पकडलं गेलं. मैदानावर फळा कुठला? मग निरंजन सरांनी चिठ्ठ्या टाकून जोड्याच लावल्या, आणि माझ्या नावासमोर योगिनीची चिठ्ठी आली.

योगिनी विज्ञान शिकवते. परभणीकडची. मुलांना ‘लेकरं’ म्हणते. तेव्हा ती शिक्षणसेवक होती, म्हणजे तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काम करायचं आणि मग संस्थेने सही केली तर कायम व्हायचं. तिची तीन वर्षं येत्या जूनमध्ये संपत होती. सही अण्णांची. अण्णांची सही झाली नाही, तर बॅग उचलून परत परभणी. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, तिला तर सगळ्यांत जास्त.

म्हणून मी मोठ्या मनाने तिला म्हटलं, “अगं, कशाला तास बुडवतेस? घरी बसून लिहून टाक.”

“नाही बाई,” ती म्हणाली. “मला खरंच बसून बघायचंय. तुमच्या वर्गाचा आवाज माझ्या प्रयोगशाळेपर्यंत येतो. माझ्या तासाला लेकरं इतकी बोलत नाहीत. तुम्ही काय करायलात ते बघते की.”

मी फुलून गेले. दुसऱ्या दिवशी मी माझा हातखंडा पाठ काढला, चौकोनाचे कोन. जांभळ्या काठाची साडी नेसून गेले, हेही सांगून टाकते.

काय तास झाला तो! “चौकोनाच्या चारही कोनांची बेरीज तीनशे...” “साऽऽठ!” “एक कोन शंभर, दुसरा ऐंशी, तिसरा साठ. तिघांची बेरीज दोनशे...” “चाऽऽळीस!” “म्हणून चौथा कोन एकशे...” “वीऽऽस!” खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाहेर अण्णांची गाडी थांबलेली मला फळ्याजवळून दिसली. शेवटच्या बाकावर योगिनी मान खाली घालून लिहीत होती. मला वाटलं, पोरगी टिपून घेतेय सगळं.

टिपून घेतच होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने कागद माझ्या हातात दिला आणि समोरच उभी राहिली. मी चष्मा लावला.

“तास ११.४० ते १२.१५. बाईंनी अर्धं सोडलेलं आणि वर्गाने पूर्ण केलेलं वाक्य : ५४ वेळा. एकाच मुलाला नाव घेऊन विचारलेला प्रश्न : ३ वेळा, तिन्ही पहिल्या दोन बाकांवर. शेवटच्या तीन बाकांवरची अकरा मुलं पुढच्यांचं ऐकून शेवटचं अक्षर म्हणत होती. माझ्या शेजारी बसलेली नेहा : तासभर ओठ हलत होते, आवाज नव्हता. नेहाच्या वहीत सहाही उदाहरणांची उत्तरं बरोबर. मधली पायरी एकाही उदाहरणात नाही. प्रत्येक उत्तर वर्ग ओरडल्यानंतर लिहिलं.”

खाली सही. बस.

मी कागद उलटून पाहिला. मागे कोरा.

“आणि पाठ कसा झाला ते?”

“ते लिहायचं नाही म्हणाले ना सर. दिसलं तेवढंच.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “योगिनी, तू पाळण्यात होतीस ना, तेव्हापासून मी हातात खडू धरतेय. माझ्या वर्गातली मुलं आज कंपन्यांत इंजिनियर आहेत. तू माझी वाक्यं मोजत बसलीस? दुकानातली अंडी मोजतात तशी?”

योगिनीचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. “मला वाटलं तुम्हाला नेहाचं कळावं,” एवढंच म्हणाली. “ती माझ्याही तासाला तशीच बसते, बाई. मला वाटत होतं माझंच चुकतंय.”

माझ्याही म्हणे! मी तिच्याकडे पाठ फिरवली.

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. शाळा सुटल्यावर गेटाशी अण्णांची गाडी उभी होती. “काय बाई, तोंड का उतरलंय?” त्यांनी विचारलं. मी “काही नाही” म्हणू शकले असते. त्याऐवजी पर्समधून तो कागद काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. अण्णांनी तिथेच उभ्या उभ्या वाचला. त्यांचा चेहरा लाल झाला.

“काल आलेली पोरगी तुमाला शिकवती व्हय?” त्यांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. “शनवारी येतो मी. हिच्या सहीचं बगतोच.”

मी “जाऊ द्या, अण्णा” म्हटलं नाही. घरी गेले, चहा केला, आणि तो मला गोड लागला.

दुसऱ्या दिवशी मला जिंकण्यावर शिक्कामोर्तब करायचं होतं. ठरवलं, एक उदाहरण घालायचं, वर्गाकडून कागदावर सोडवून घ्यायचं, आणि तो गठ्ठा योगिनीच्या टेबलावर आपटायचा. घे, मोज. मी फळ्यावर लिहिलं, चौकोनाचे तीन कोन ११०, ९० आणि ७५ अंशांचे आहेत, तर चौथा कोन किती? “आज कोणी तोंड उघडायचं नाही,” मी बजावलं. “फक्त लिहायचं.”

सत्तावीस वर्षांत माझा वर्ग इतका शांत मी ऐकला नव्हता. रस्त्यावरच्या कंटेनरचा ब्रेक ऐकू आला. मुलं एकमेकांकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती. मी वाक्याचा पहिला अर्धा भाग कधी म्हणते, याची वाट बघत होती.

मी कागद गोळा केले आणि गणिताच्या कपाटाजवळ उभ्यानेच तपासले. हजर मुलं शेहेचाळीस. पंच्याऐंशी हे बरोबर उत्तर पंधरा जणांचं. चौदा कागदांवर कोरं किंवा भलतंच काहीतरी. आणि सतरा मुलांनी लिहिलं होतं, चौथा कोन तीनशे साठ अंश.

तीनशे साठ! चारही कोन मिळून जेवढे, तेवढा एकटा एक कोन. सतरा पोरांना माझ्या अख्ख्या पाठातलं काय लक्षात राहिलं होतं, तर सगळ्यांत मोठ्याने ओरडलो तो आकडा.

नेहाचा कागद सगळ्यांत नीटनेटका होता. तीनशे साठ, आणि खाली पट्टीने आखलेल्या दोन रेघा.

मी कपाटाचं दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले. मला योगिनीचा राग येत नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्याआधीचे आठवीचे सव्वीस वर्ग आठवायला लागले. त्यांतली किती पोरं तासभर ओठ हलवून घरी गेली असतील, ते कोणी मोजलंच नव्हतं.

गठ्ठा पर्समध्ये ठेवला. योगिनीशी बोलायला मात्र तोंड उघडेना. एवढी बोलकी मी, पण शुक्रवारचा अख्खा दिवस तिच्यासमोरून मान खाली घालून गेले.

शनिवारी सकाळची शाळा. नऊ वाजता मारुतराव बोलवायला आले, “अण्णा आल्यात. तुमाला आन् योगिनीबाईंना बोलावलंय.”

मुख्याध्यापकांच्या खोलीत अण्णा मधल्या खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर योगिनीच्या प्रस्तावाची फाइल आणि तिच्यावर तो घडी घातलेला कागद. निरंजन सर उभे होते आणि सांगत होते, “अण्णा, ही पद्धत मी सुरू केली. विचारायचं तर मला विचारा.” पण अण्णा ऐकत नव्हते.

“सर, तुमी नवीन हाय. या शाळेला नाव कुनामुळं हाय, तुमाला ठावं न्हाई,” ते म्हणाले, आणि योगिनीकडे वळले. “पोरी, तू बाईंच्या वर्गात बसलीस, त्ये ठीक. पर शिकायला बसलीस का चुका काढायला?”

योगिनीच्या हातात पदराचं टोक होतं आणि ती ते पिळत होती. “मी चुका नाही काढल्या, अण्णा. दिसलं ते लिहिलं.”

“दिसलं म्हनं! आमाला ऐकू येतंय ना, गेटापर्यंत! ही फाइल ऱ्हाऊ द्या, सर. सही म्होरल्या वर्षी बगू.”

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. योगिनीने माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. तिने माझ्याकडून काही अपेक्षाच ठेवली नव्हती, आणि ते मला फार लागलं.

मी गप्प राहिले असते तर मला कोणी काही म्हटलं नसतं. उलट माझा मान वाढला असता. मी पर्स उघडली आणि गठ्ठा अण्णांसमोर ठेवला.

“अण्णा, हे माझ्या वर्गाचे कागद. गुरुवारी मी तोच पाठ पुन्हा घेतला. फक्त मुलांची तोंडं बंद ठेवली.”

“मग?”

“तुमच्या चौकोनी प्लॉटचे तीन कोपरे मोजणीदाराने सांगितले आणि चौथा कोपरा तीनशे साठ अंशांचा आहे म्हणाला, तर तुम्ही काय कराल?”

अण्णांचा जन्म जमिनीच्या मोजण्या करण्यात गेलेला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि हसले. “तीनशे साठ म्हंजी गोल फिरून हाय तितंच की. कोपराच ऱ्हायला न्हाई. त्याला हाकलून दीन.”

“माझ्या सतरा मुलांनी तेच उत्तर लिहिलंय. हाकलायचं तर मला हाकला.” मी थांबले नाही. “या मुलीने एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. सत्तावीस वर्षांत माझ्या वर्गात अधिकारी आले, तुम्ही आलात, सगळे दारात उभे राहून आवाज ऐकून गेले. शेवटच्या बाकावर जाऊन बसणारी ही पहिली. आणि तो कागद मी रागाने तुमच्या हातात दिला, ती माझी चूक. योगिनी, तुझ्यापुढे सांगते, माझी चूक झाली.”

योगिनीने पदर सोडला. निरंजन सर खिडकीबाहेर बघायला लागले.

अण्णांनी एकेक कागद उलटायला सुरुवात केली. नेहाच्या कागदापाशी थांबले. त्या दोन रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं.

“ही कुठं बसती?”

“शेवटच्या बाकावर.”

“मी बी तितंच बसायचो,” अण्णा म्हणाले. मघाचा चढा आवाज कुठे गेला कोण जाणे. “पाढे म्हनायचो आमी, लई जोरात. मास्तर खुश. सातवीत नापास झालो, तवा बा म्हनला, आरं तुजा आवाज तर पार वेशीपतूर यायचा. त्यो माजा नव्हताच, बाई. मी नुसतं त्वांड हालवायचो.”

मग त्यांनी खिशातून पेन काढलं. “सर, सही कुठं करायची हाय?”

सही करून उठताना मात्र आपला अध्यक्षपणा त्यांनी सोडला नाही. “पर पंधरा ऑगस्टला मला त्यो आवाज पायजे हां, बाई. तवा आर्धं सोडा काय सोडायचं त्ये.”

त्यानंतरचा महिना मी जन्मात विसरणार नाही. सत्तावीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली. “म्हणून कोन कखग बरोबर...” म्हणून मी सोडून द्यायचे आणि वर्ग तोंड उघडायचा. मग मीच हात वर करायचे, थांबा. नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात ठेवल्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने उठून अख्खं वाक्य सांगायचं. पहिले आठ दिवस नुसता आनंदीआनंद. मुलं उठायची आणि पुतळ्यासारखी उभी राहायची. मारुतराव काळजीने विचारायला आले, “बाई, घसा बसलाय का? काडा आनू का?”

मी योगिनीच्या तासालाही जाऊन बसले. तिचा वर्ग गप्प असतो म्हणून ती रडत होती ना, ते का गप्प असतो तेही मला दिसलं. लिहून दिलं. “प्रश्न विचारल्यावर योगिनीने वाट पाहिली : दोन सेकंद. मग उत्तर स्वतःच सांगितलं. असं १९ वेळा.” तिने वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “दोनच सेकंद, बाई?” “घड्याळ लावून मोजलीत,” मी म्हटलं. दोघी हसलो.

महिन्याच्या शेवटी मीच तिला बोलावलं. चल, बस पुन्हा. साडी नेहमीचीच.

उदाहरण फळ्यावर लिहिलं, तीन कोन साठ, ऐंशी, नव्वद. डब्यातून चिठ्ठी काढली. मी मुद्दाम काढली असं कोणी म्हणेल, पण शपथेवर सांगते, आपोआप आली. नेहा.

ती उठली. फळ्यापर्यंत यायला तिला फार वेळ लागला आणि मी तेवढा वेळ दिला. मी मागे जाऊन तिच्याच रिकाम्या जागेवर, योगिनीच्या शेजारी बसले. तिथून फळा केवढा लांब दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

नेहाने खडू घेतला. तिन्ही कोन एकाखाली एक मांडले, बेरीज केली, दोनशे तीस. खाली रेघ. मग तीनशे साठातून दोनशे तीस वजा. सगळं न बोलता. मग वर्गाकडे तोंड केलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “म्हणून चौथा कोन एकशे...”

आणि थांबली. अगदी माझ्यासारखी. मान सुद्धा तशीच वाकडी करून.

पंचेचाळीस पोरं. एकानेही तोंड उघडलं नाही. माझ्या जिभेवर आलेलं अक्षर मी दातांखाली दाबलं. शेजारी योगिनीने माझं मनगट धरलं होतं. मग खिडकीजवळच्या बाकावरून सुजित म्हणाला, “तू सांग की. तुझं उत्तर आहे.”

“तीस,” नेहा म्हणाली. मग खडूने फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि मागच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “चौथा कोन एकशेतीस अंश. कारण चौघांची बेरीज तीनशे साठ असते. एकट्याची नाही.”

मला रडू आलं. वर्गात, मुलांसमोर, शेवटच्या बाकावर बसून. आणि इतका अभिमान वाटला की तो नेहाचा, योगिनीचा की माझा, ते सांगता येत नव्हतं. सगळ्यांचाच होता.

मधल्या सुट्टीत योगिनीने कागद दिला. मी चष्मा लावला. “अर्धी सोडलेली वाक्यं : बाईंची ४, नेहाचं १. नाव घेऊन विचारलेले प्रश्न : २२. त्यातले शेवटच्या तीन बाकांवर : ९. नेहा : आवाज होता.”

माझ्या घरी भिंतीवर तालुक्याचा आदर्श शिक्षिका पुरस्कार फ्रेममध्ये लावलेला आहे. त्यात पाठ उत्तम असं छापलंय. त्या संध्याकाळी मी फ्रेम उतरवली, मागची पट्टी उघडली आणि काचेच्या आत पुरस्काराच्या वर योगिनीचा हा कागद लावला. ज्याला वाचायचा त्याने वाचावा.